आठ लाल रेघा

तुळसाकाकींनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. नारळ फोडायला दगड मिळेना. एक खडा पंख्यात उडाला तर पंख्याचे तुकडे होतात म्हणून अण्णांनी आदल्या संध्याकाळी सगळी धावपट्टी स्वतः झाडून काढली होती, आणि आता त्याच पट्टीवर त्यांची बायको हातात नारळ घेऊन दगड शोधत फिरत होती. शेवटी इनामदार सरांनी आपल्या जीपच्या बंपरवर नारळ फोडला. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता माझी नजर त्या कुंकवावर गेली.

काकी कुंकू तेलात कालवत. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं, लोखंडाला धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बोटाची रेघ पंख्याच्या एका बोल्टच्या डोक्यावरून निघून खालच्या पत्र्यावर उतरली होती. लाल, बारीक, सरळ. अशी रेघ मी कुठंतरी बघितली होती. कुठं ते आठवलं आणि माझं हसू थांबलं.

ही गोष्ट एक्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. अण्णा म्हणजे विष्णू सुतार, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्यांसाठी लाकडी साचे करायचे. केसाएवढी चूक नाही, असा हात. त्या माणसानं आठ वर्षं घरच्या पैशानं, वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये, दोन माणसं बसतील असं लाकडी विमान बांधलं होतं. आज ते पहिल्यांदा उडणार होतं. उडवणार होते इनामदार, हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. तपासणीला मुंबईहून विमान खात्याचे साहेब आले होते. तेही उड्डाण बघून रात्रीच्या गाडीनं परत जाणार होते. धावपट्टी एका साखर कारखान्याची, आजच्या दिवसापुरती मागून घेतलेली.

आणि मी कासाराची कुंदा. आमचं बांगड्यांचं दुकान अण्णांच्या वर्कशॉपसमोर. चार वर्षांपूर्वी काकी चुडा भरायला आल्या आणि सांगत बसल्या की घरात दोन दिवस कुणी धड जेवलेलं नाही, कारण विमानाच्या पोटात एक भोक आहे, आत बोल्ट आहे, आणि गल्लीतल्या नऊ गड्यांच्या हातांची सालं निघाली तरी एकाचाही हात आत जात नाही. मला हसू आलं. हात कसा दुमडायचा हे कासाराच्या घरात जन्मलेल्या पोरीला कुणी शिकवत नाही. अंगठा तळव्यात घालायचा, बोटांची मुळं एकावर एक चढवायची, आणि हात ढकलायचा नाही, वळवत न्यायचा. मी गेले, हात घातला, बोल्टला नट बसवून आले. त्यानंतर अण्णांनी मला सोडलं नाही. दुकान सुटलं. कासाराची पोरगी विमानात हात घालते म्हणून आमच्या भावकीत दोन स्थळं परत गेली. मला त्याचं दुःख झालं असं म्हणायला पाहिजे, पण झालं नव्हतं.

अण्णांनी मला टॉर्क पाना दिला. साधा पाना तुमच्या मनगटाचं ऐकतो. हा पाना आकड्याचं ऐकतो. बोल्ट जेवढा आवळायचा तेवढा आकडा मुठीवर लावायचा, तेवढा जोर पडला की पाना टक् करतो, आणि मग थांबायचं. कमी आवळला तर बोल्ट हादऱ्यानं सैल होतो. जास्त आवळला तर लाकूड चेपतं, नाहीतर बोल्टच ताणला जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. अडचणीच्या जागी पाना सरळ जात नाही, म्हणून त्याच्या टोकाला एक आडवं तोंड लावायचं. तेही काटकोनातच. सरळ रेषेत लावलं तर पाना लांब होतो आणि खोटा आकडा सांगतो. अण्णांनी हे मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते झोपेतही सांगितलं असतं.

आवळून झालं की खूण. नट आणि खालचा पत्रा यांच्यावरून एक लाल रेघ. रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, नट फिरलाय. त्यासाठी मी आमच्याच दुकानातली नखांची लाल पॉलिश वापरायची. विमानाचे पंख अंगाला आठ बोल्टांनी जोडलेले होते, चार डावीकडे, चार उजवीकडे. आठ बोल्ट, आठ रेघा.

पंख चढवले ते ऐन नवरात्रात. खंडेनवमीला दुपारपर्यंत मी सहा बोल्ट आवळले होते. डावीकडचे मागचे दोन राहिले होते, नट नुसते हातानं बसवलेले. तेवढ्यात अण्णा पंचा नेसून आले आणि माझ्या हातातला पाना काढून घेऊन गेले. हत्यारं पूजेला बसायची वेळ झाली होती. एकदा पूजेला बसलेली हत्यारं दसरा झाल्याशिवाय उचलायची नाहीत, हा उद्यमनगरातला नियम. लेथसुद्धा त्या दिवशी फुलं घालून गप्प असतात. त्यात चूक काहीच नव्हती.

मग काकी कुंकवाची वाटी घेऊन आल्या. सगळ्या विमानाला हळदकुंकू लावून झालं तरी त्यांचं समाधान होईना. "पंखाचा सगळा भार ज्या बोल्टांवर हाय म्हंतासा, तितंच कुकू न्हाई म्हंजे काय?" असं त्या म्हणाल्या. त्यांचा हात आत जाणार नव्हता. माझा गेला. मी बोट बुडवून आठही बोल्टांना कुंकू लावलं. देवाच्या कामात हात आखडता कशाला घ्या म्हणून चांगलं भरपूर लावलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी वर्कशॉप उघडलं. आवळलेला प्रत्येक बोल्ट जिच्यात लिहायचा ती तपासणीची वही पुरी करायची होती. मी विमानाच्या पोटाखालच्या, आरशापुरत्याच भोकातून आरसा आणि बॅटरी घातली, आठ बोल्टांवर आठ लाल रेघा बघितल्या, आणि वहीत आठ लिहून खाली सही केली. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. आमच्या घोड्यानं त्या आरशापाशीच पेंड खाल्ली.

हे सगळं मला त्या सकाळी असं ओळीनं आठवलं नाही. आठवला तो फक्त माझ्या हातातून निघून गेलेला पाना. त्यानंतर मी ते दोन बोल्ट आवळले होते का? दसऱ्यानंतर, कधीतरी, सवयीनं? आवळले असतील. मी काही कामचुकार नव्हते. मी डोळे मिटून तो टक् आठवायला बघत होते आणि मला चार वर्षांतले सगळे टक् एकदम ऐकू येत होते.

मला एका जागी उभं राहवेना. जीपपाशी गेले, पाणी प्याले, परत आले. कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता. धुराड्यातून काजळी उडून पांढऱ्या पंखांवर पडत होती आणि अण्णा पंच्यानं ती टिपत विमानाभोवती फेऱ्या घालत होते. मी साहेबांकडून वही मागून घेतली. आठ. माझं अक्षर, माझी सही. वहीला काय विचारणार? मग बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून विमानाखाली शिरले, भोकातून आरसा घातला. डावीकडचे मागचे दोन बोल्ट दिसले. दोन्हींवर लाल होतं. पॉलिश की कुंकू, ते आरसा सांगेना. नखानं खरवडलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण त्या भोकातून हात जात नव्हता; हात घालायचा तर वरची सीट काढायला हवी, आणि सीटला साहेबांनी आदल्या दिवशी तारेचं सील मारलं होतं. त्यांनीही याच भोकातून आरशानं आठ रेघा बघितल्या होत्या.

मी खालून बाहेर आले तेव्हा इनामदार सर आत बसून पट्टे बांधत होते. साहेब घड्याळ बघत होते. वारा नव्हता. काकींच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवून वारा बघायला काठीला लावली होती, ती सरळ खाली लोंबत होती. उडायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

खरं सांगते, तेव्हाही मी हिशेब करत होते. बोलले आणि बोल्ट नीट निघाले तर मूर्ख ठरणार. बोलले आणि बोल्ट सैल निघाले तर खोटी सही करणारी ठरणार. दोन्हीकडून माझं काम गेलंच. न बोलले तर बहुतेक काहीच होणार नाही. बहुतेक. हा शब्द मनात आला आणि मी पंखावर पाय देऊन वर चढले.

"सर, थांबा," मी म्हणाले. "डावीकडचे मागचे दोन बोल्ट मी आवळलेत का, मला खात्री नाही."

इनामदार सरांनी पट्टा ओढायचा थांबवला. "खात्री नाही, की आवळले नाहीत?"

"खात्री नाही."

"मग आवळलेले नाहीत," ते म्हणाले, आणि पट्टे सोडायला लागले.

अण्णा पंचा हातात घेऊन पंखाशी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो. ते हळूच म्हणाले, "वहीत आठ हाईत की कुंदे. तुझ्या हातचं हाय."

"हाय, अण्णा. पण खंडेनवमीला तुम्ही पाना नेला तवा सहाच झालं हुतं. फुडचं मला आठवंना झालंय."

"आठवंना."

"न्हाई आठवत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काकणं भरत बसली असतीस तर बरं झालं असतं."

काकींनी तोंडाला पदर लावला. अण्णा मला चार वर्षांत कधी एक शब्द वाकडा बोलले नव्हते. मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि राग आला, आणि त्यांचं काही चुकलं असंही वाटेना. आठ वर्षं त्या माणसानं सणावारालासुद्धा नवं धोतर घेतलं नव्हतं.

साहेब आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ होते, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. त्यांनी सांगितलं की सील तोडायचं तर आठही बोल्ट त्यांच्या समोर उघडून बघावे लागतील आणि वहीत जे घडलं ते सगळं लिहावं लागेल. काम झालं आणि त्यांचं समाधान झालं तर सूर्यास्ताच्या आत उडायला त्यांची हरकत नाही. पण आज राहिलं तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, आणि ती कधी मिळेल हे ते सांगू शकत नाहीत. कारखान्यानं पट्टी एकाच दिवसाला दिली होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आम्हाला ते पाठ होतं.

सील तुटलं, सीट निघाली, पत्र्याचं झाकण निघालं. मी हात दुमडून आत घातला. आधी उजवीकडचे चार. नखानं खरवडलं, पॉलिश कडक, निघेना. डावीकडचे पुढचे दोन, तेही कडक. मग मागचे. पहिल्यावर नख टेकवलं आणि ते सरळ लोखंडापर्यंत गेलं. दुसऱ्यावरही तसंच. मी हात बाहेर काढला. बोटाच्या टोकाला लाल तेलकट लागलं होतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुंकू," मी म्हणाले.

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी परत सांगितलं. खंडेनवमी, पूजा, आरसा, सगळं. सांगताना ते इतकं खुळचट वाटत होतं की मधेच मला हसू येईल की काय असं वाटायला लागलं. तेवढ्यात काकी पुढे झाल्या.

"सायेब, तिची चूक न्हाई. कुकू मीच लावाय लावलं. ती नगं म्हणत हुती."

मी काही नको वगैरे म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी ती बाई अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषापुढे खोटं बोलत होती. मी त्यांचा हात धरला. "काकी, हात माझा हुता. आणि वहीत आठ लिवलं त्ये बी मीच."

साहेबांनी दोघींकडे बघितलं आणि वहीत लिहायला घेतलं. काय लिहिलं ते मी आजवर वाचलेलं नाही.

अण्णांनी पाना आणला. आकडा त्यांनीच लावला, आडवं तोंड काटकोनात बसवलं आणि माझ्याकडे न बघता पाना माझ्या हातात दिला. आत उजेड नव्हता. डोळ्यांचा तिथं काही उपयोगही नव्हता. एका बोटानं नट चाचपायचा, दुसऱ्या हातानं बाहेरून पाना पेलायचा, आणि एका वेळेला बोटाच्या पेराएवढं फिरवायचं, कारण त्याच्या पुढं लाकूड आडवं येतं. परत काढायचा, परत बसवायचा. पहिला नट अर्धा फेरा फिरला आणि टक् झालं. सगळ्यांनी ऐकलं. दुसरा फिरतच राहिला. अर्धा, पाऊण, एक. अण्णा मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. दीड फेऱ्याला टक् झालं.

दीड फेरा. पंख अंगाला धरून ठेवणारा बोल्ट दीड फेरा सैल होता, आणि तासाभरापूर्वी एक माणूस त्यावर बसून वर जायला निघाला होता. अण्णा खाली बसले, धावपट्टीवरच, मांडी घालून.

मी दोन्ही नटांवर पॉलिशच्या रेघा ओढल्या आणि त्या सुकेपर्यंत आम्ही थांबलो. साहेबांचा हात आत जात नव्हता म्हणून त्यांनी त्या आरशानं बघितल्या आणि मग मला खरवडून दाखवायला लावल्या. सुकेपर्यंत आम्ही थांबलो. मग झाकण, सीट, नवं सील. हे सगळं होईतो साडेअकरा झाले, आणि काठीवरचं लुगडं आडवं फडफडायला लागलं. उसाच्या फडावरून आडवा वारा सुटला होता. इनामदार सर म्हणाले, पहिल्या उड्डाणाला हा वारा नको. पाचला पडेल, तेव्हा बघू.

ती दुपार मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. काकींनी भाकरी आणि झुणका आणला होता. सगळे जीपच्या सावलीत जेवले. मी माझी भाकरी फडक्यात परत बांधून ठेवली. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते आणि दुसऱ्या कुणाशीही बोलत नव्हते. मी विमानाभोवती फिरत राहिले. उजवीकडचे चार बोल्ट मी आवळले तेव्हा पान्याचं तोंड खरंच काटकोनात होतं का? पहिल्या दिवशी आकडा कुणी लावला होता? आज दुसऱ्या नटाला टक् झाला तेव्हा नट फिरून आवळला गेला, की कुठंतरी अडकून पाना उगाच बोलला? एकदा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला की तो सगळ्याच गोष्टींवरून उडतो. सकाळपर्यंत मला आठ बोल्ट ठाऊक होते. दुपारी मला एकही ठाऊक नव्हता.

चारचा भोंगा झाला तेव्हा मी इनामदार सरांकडे गेले आणि म्हणाले की मला एकदा परत उघडू द्या, आठही बोल्टांवर पाना लावून बघते. ते जीपच्या मडगार्डला टेकून बसले होते.

"किती वेळा लावशील?" त्यांनी विचारलं.

"एकदाच."

"आणि त्यानंतर?"

मी विमानाकडे बघितलं. ते म्हणाले, "आवळलेल्या नटावर पुन्हा पुन्हा पाना लावला की दर वेळी तो थोडा थोडा जास्त आवळला जातो. तुझी भीती जाते आणि बोल्ट मरतो. आता नाही लावायचा."

मला हे माहीत होतं. अण्णांनीच शिकवलं होतं. पण त्या वेळी पाना हातात मिळावा म्हणून मी रडलेसुद्धा असते. हात रिकामे होते हे सहन होत नव्हतं. मी ते काखेत दाबून उभी राहिले.

पाचच्या सुमाराला लुगडं खाली आलं. ऊन तिरपं झालं. साहेबांनी वही मिटली आणि आपली काही हरकत नाही म्हणाले. इनामदार सर आत बसले, पट्टे बांधले, कानावर टोपी चढवली. अण्णांनी पंखा हातानं दोनदा फिरवला. आता इंजिन चालू होणार, इतक्यात सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. मी पंखावर चढले.

"कुंदा," ते म्हणाले, "जाऊ का?"

अण्णा पलीकडून म्हणाले, "जावा की सर. समदं झालंय न्हवं?"

"अण्णा, तुम्हाला नाही विचारलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं की दिवसातलं अवघड काम सकाळी होऊन गेलं. लोकांनाही तसंच वाटतं. आजही भेटलं की विचारतात, इतक्या लोकांसमोर थांबा म्हणायला तुला धीर कसा झाला म्हणून. थांबा म्हणायला कसला धीर? थांबा म्हणून कुणी मरत नाही. फार तर माझी अब्रू गेली असती, आणि ती माझी होती. आता हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या दोन मुली पुण्याला कॉलेजात शिकत होत्या. ज्या हाताची चूक सकाळी उघडी पडली तोच हात त्याला वर धरून ठेवणार होता, आणि ते मीच सांगायचं होतं. 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. 'साहेबांनी बघितलंय' म्हणायची सोय नव्हती. मी मनातल्या मनात एकेका बोल्टापाशी गेले. उजवा पुढचा वरचा. उजवा पुढचा खालचा. प्रत्येकाचा धातू बोटाला कसा लागतो, कुठं लाकडाची कड टोचते, पाना कुठल्या कोपऱ्यातून वळतो, ते सगळं होतं माझ्याकडे. दुपारभर ते कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. शेवटी डावीकडचे मागचे दोन. अर्धा फेरा. दीड फेरा.

त्यांनी घाई केली नाही. उन्हं उतरत होती आणि साहेब पुन्हा घड्याळ बघत होते, तरी सरांनी घाई केली नाही.

"जावा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि वरची काच ओढून घेतली.

विमान पट्टीवर धावलं, उसाच्या तुऱ्यांच्या वर गेलं आणि कारखान्याच्या धुराड्यामागून डावीकडे वळलं. हे मला नंतर इतरांनी सांगितलं. मी बघितलं नाही. मी जमिनीकडे बघत आवाज ऐकत होते. अकरा मिनिटं तो आवाज कधी लांब जायचा, कधी जवळ यायचा. एकदा तो अगदीच बारीक झाला तेव्हा मी काकींचा दंड इतका घट्ट धरला की तिथं पुढं चार दिवस वळ राहिला होता. मग चाकं जमिनीला लागल्याचा आवाज आला. पहिल्यांदा लागली, उचलली, परत लागली.

सगळे पळाले. साहेबसुद्धा पळाले, वही काखेत मारून. मी तिथंच बसले आणि मोठ्यानं रडले. लाज वगैरे वाटायच्या पलीकडे गेले होते मी.

थोड्या वेळानं माझ्यापुढे धोतराचा काठ दिसला. अण्णा आले होते. डोळे लाल झाले होते. ते काय फक्त काजळीनं नव्हते. ते शाबास म्हणतील असं मला वाटलं नाही आणि ते म्हणालेही नाहीत. सकाळी बोलले ते त्यांनी परत घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. ते एवढंच म्हणाले, "पैल्या उड्डाणानंतर बोल्ट परत बघाय लागत्यात. उद्या आठला शेडवर ये."

रात्रभर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी सातलाच शेडवर गेले. पंख उतरवून ट्रकनं विमान परत आणायला अजून दोन दिवस होते, शेडमध्ये विमानच नव्हतं, हे मला दारात पोचल्यावर आठवलं. अण्णाही आत येऊन बसले होते, रिकाम्या शेडमध्ये, पुढ्यात पान्याची पेटी. त्यांना पण ते आठवलं नव्हतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग अण्णांनी पेटी उचलली आणि स्कूटरची किल्ली खिशात चाचपली. कारखाना तिथून चाळीस किलोमीटर होता.

"बस," ते म्हणाले.